शिवणीचा पाट

कोकणात गणपती आणायच्या आधी पाट द्यायला जातात. घरातला पाट धुवून पुसून मूर्तिकाराच्या शाळेत नेऊन ठेवायचा, त्याच्याखाली नावाची चिठ्ठी चिकटवायची आणि चतुर्थीच्या सुमाराला त्याच पाटावर बसलेला गणपती घरी आणायचा. पेणचं नाव गणपतीच्या मूर्तींमुळे सगळीकडे झालं आहे. पेण शहरात, जवळच्या हमरापूर-जोह्याकडे वर्षभर मूर्ती घडतात आणि तिथून त्या मुंबई-पुण्यापासून परदेशापर्यंत जातात. मूर्तीबद्दल, मातीबद्दल, डोळ्यांच्या आखणीबद्दल भरपूर लिहिलं जातं. तिच्याखालच्या लाकडाबद्दल मात्र कुणी बोलत नाही. हा लेख त्या लाकडाबद्दल आहे.

त्याला निमित्त झालं एका प्रश्नाचं. परदेशी व्हिडिओ पाहून लाकूडकाम शिकणारी तरुण मंडळी हल्ली विचारतात, की हे ‘सिकॅमोर’ नावाचं लाकूड आपल्याकडे कुठल्या वखारीत मिळेल? इंग्लंडमध्ये स्वयंपाकघरातले पाट, वाडगे, डाव, लोणी काढायच्या थापट्या या लाकडाच्या होत. ते पांढरट असतं, गुळगुळीत होतं आणि अन्नाला त्याचा वास किंवा चव लागत नाही. प्रश्न चांगला आहे. पण उत्तर द्यायच्या आधी नावाचा गुंता सोडवावा लागतो, कारण सिकॅमोर नावाची झाडं तीन आहेत आणि तिन्हींचं एकमेकांशी नातं नाही.

पहिलं बायबलमधलं. येशूला पाहता यावं म्हणून यरीहो गावात बुटका जक्कय ज्या झाडावर चढला ते हे झाड. ते उंबराच्या कुळातलं, आपल्या औदुंबराचं सख्खं भावंड म्हणावं असं. प्राचीन इजिप्तमध्ये शवपेट्या याच्या लाकडाच्या करत. दुसरं युरोपातलं. ते मेपलच्या जातीचं, आणि स्वयंपाकघरातलं लाकूड ते हेच. व्हायोलिनची पाठ याच जातीच्या लाटदार रेषांच्या लाकडाची करतात. तिसरं अमेरिकेतलं, ते काश्मिरातल्या चिनाराच्या गोतातलं.

म्हणजे पेणच्या माणसानं ‘सिकॅमोर’ शब्दकोशात पाहून उंबर तोडायला घेतला तर दोन चुका होतील. एक तर औदुंबर दत्ताचा, त्याला कुऱ्हाड लावायला कुणी धजणार नाही. दुसरं म्हणजे उंबराचं लाकूड मऊ, भुसभुशीत, हवेत लवकर किडणारं. त्याचा एक गुण मात्र विलक्षण आहे. पाण्याखाली ते टिकतं. म्हणून जुन्या काळी विहीर बांधताना तळाशी जे लाकडी कडं बसवत, ते उंबराचं करत. पाण्याखाली हवा पोचत नाही आणि हवेशिवाय कुजवणारी बुरशी जगत नाही, इतकं सोपं त्याचं कारण. पण पाटाला उंबर उपयोगाचा नाही.

आपल्याला हवं आहे ते युरोपातल्या सिकॅमोरचं काम करणारं लाकूड. फिकं, हलक्या हातानं कापलं जाणारं, वास नसलेलं, आणि पावसाळ्यात फुगून हैराण न करणारं. पेण-रोह्याच्या डोंगरात असं झाड आहे. त्याचं नाव शिवण.

झाड ओळखायचं कसं

रोह्याहून मुरुडकडे जाताना लागणारं फणसाड अभयारण्य पूर्वी जंजिऱ्याच्या नबाबाचं शिकारीचं रान होतं. १९८६मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. तिथल्या किंवा कुंडलिका नदीच्या दोन्ही अंगांच्या मिश्र रानात ऐन, किंजळ, साग, हेद यांच्यामध्ये शिवण विखुरलेली असते. तिचं बन नसतं, एक झाड इथे तर दुसरं पुढच्या ओढ्याकाठी. पान मोठं, बदामाच्या आकाराचं, खालून फिकट. साल राखाडी-पांढरट आणि बऱ्यापैकी गुळगुळीत. ओळखायची खरी वेळ फेब्रुवारी ते एप्रिल, तेव्हा झाड जवळपास निष्पर्ण असतं आणि फांद्यांच्या टोकांना तपकिरी-पिवळ्या फुलांचे घोस येतात. मेच्या सुमाराला पिवळी, बोराएवढी फळं खाली पडतात. भेकरं ती आवडीनं खातात आणि आतली कठीण आठळी दुसरीकडे नेऊन टाकतात. शिवणीचा प्रसार असा होतो.

ही सागाच्याच कुळातली. शास्त्रज्ञांनी तिला ग्मेलिना आर्बोरिया म्हटलं, सैबेरियात भटकलेल्या ग्मेलिन नावाच्या जर्मन निसर्गअभ्यासकाच्या नावावरून. संस्कृतात ती गंभारी. वैद्यांच्या दशमुळांत बेल, टेंटू, पाडळ, ऐरण यांच्या बरोबरीनं शिवणीचं मूळ येतं. याचा लाकडाशी संबंध असा, की मुळासाठी झाड खणून काढलं की लाकूडही गेलं आणि पुढचं बीही गेलं. सुताराला पंधरा-वीस वर्षांची शिवण हवी असते, औषधाच्या व्यापाऱ्याला लहान झाडाचं मूळही चालतं. रानात शिवण दिसेनाशी होण्यामागचं हे एक कारण मला फार लागतं.

फळी हातात घेतल्यावर

नव्यानं कापलेली शिवण दुधट पिवळी दिसते, कधी किंचित गुलाबी झाक असते. सागात बाहेरचं पांढरं लाकूड आणि आतला तपकिरी गाभा स्पष्ट वेगळे दिसतात, तसं इथे होत नाही. सगळी फळी जवळपास एकाच रंगाची. रंधा मारल्यावर मंद चकाकी येते आणि बोट फिरवलं तर थोडं तेलकट लागतं. उन्हात राहिली की काही वर्षांत रंग मधाकडे झुकतो.

वजन हा पहिला गुण. वाळलेल्या शिवणीचं घनफूट साधारण साडेतेरा किलो भरतं, सागाचं अठराच्या आसपास, ऐनाचं चोवीस. युरोपातलं सिकॅमोर सतराच्या पुढे. आता दीड फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि एक इंच जाड पाट घ्या. शिवणीचा दोन किलोच्या थोडा वर, सागाचा तीनला थोडा कमी, ऐनाचा पावणेचार. मूर्तीसकट पाट दोन हातांवर घेऊन अरुंद जिना उतरलेल्या माणसाला या दीड किलोंची किंमत सांगावी लागत नाही.

दुसरा गुण त्याहून मोठा आहे आणि तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो जरा सावकाश सांगतो.

लाकूड का हलतं

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी. झाड उभं असताना या नळ्यांच्या पोकळीत पाणी असतं आणि नळ्यांच्या भिंतीतही पाणी मुरलेलं असतं. झाड तोडल्यावर आधी पोकळीतलं पाणी जातं. तोवर ओंडका नुसता हलका होतो, आकारात काही फरक पडत नाही. लाकडाच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ३० टक्के एवढं पाणी उरलं की पोकळ्या रिकाम्या झालेल्या असतात. यानंतर भिंतीतलं पाणी निघू लागतं, भिंती बारीक होतात आणि लाकूड आक्रसू लागतं. दमट हवेत उलट होतं. भिंती पुन्हा पाणी ओढतात, लाकूड फुगतं. झाड मरून शंभर वर्षं झाली तरी हे चालूच राहतं. वाड्यांचे जुने दरवाजे आजही आषाढात अडकतात आणि माघात सुटतात ते म्हणूनच.

पण लाकूड सगळ्या दिशांनी सारखं आक्रसत नाही. उभ्या लांबीत ते जवळपास हलतच नाही, कारण नळ्या लांबीच्या दिशेनं असतात आणि दोरी जाड-बारीक होते तशी त्यांची जाडी बदलते, लांबी नाही. आडव्या दिशेत दोन प्रकार. गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेत कमी, आणि वर्षाच्या वलयांच्या कडेनं जाणाऱ्या दिशेत जास्त. गाभ्यापासून सालीकडे काही पेशींच्या पट्ट्या चाकाच्या आऱ्यांसारख्या जातात, त्या पहिल्या दिशेत लाकडाला धरून ठेवतात. दुसऱ्या दिशेत धरणारं कुणी नसतं.

आता आकडे. पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत शिवण आऱ्यांच्या दिशेत साधारण २.४ टक्के आणि वलयांच्या दिशेत ४.९ टक्के आक्रसते. सागाचा वलयांच्या दिशेचा आकडा ५.३च्या आसपास. युरोपातल्या सिकॅमोरचा ७.८. म्हणजे ज्या लाकडासाठी आपली मुलं परदेशी व्हिडिओ पाहतात, त्याच्यापेक्षा रोह्याच्या रानातली शिवण कितीतरी शांत आहे. सागाइतकी शांत आणि सागापेक्षा हलकी.

हे टक्के घरात कसे दिसतात ते मोजून पाहू. कोकणातल्या पावसाळ्यात उघड्या घरातल्या लाकडात १८ टक्के पाणी असतं असं धरू, आणि कोरड्या दिवसांत ११ टक्के. म्हणजे ३०पैकी ७ अंशांचा फरक. शिवणीचे ४.९ भागिले ३०, गुणिले ७, उत्तर १.१४ टक्के. सव्वा फूट म्हणजे ३८० मिलिमीटर रुंदीचा पाट पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत चार मिलिमीटरच्या थोडा वर आक्रसेल. सिकॅमोरचा असता तर सात. आणि तोच शिवणीचा पाट आऱ्यांच्या दिशेनं कापलेल्या फळ्यांचा केला तर फक्त दोन.

गंमत अशी, की पाट वापरात येतो तो नेमका भाद्रपदात, म्हणजे लाकूड सगळ्यात जास्त फुगलेलं असताना. उरलेलं वर्ष तो माळ्यावर आक्रसत पडतो. त्यामुळे पाटाची जोडणी उन्हाळ्यात ठाकठीक दिसली म्हणून भागत नाही, ती दोन्ही टोकं सहन करणारी हवी.

ओंडक्यापासून फळीपर्यंत

आधी परवानगीचं. खासगी जागेतलं झाडही वाटेल तेव्हा तोडता येत नाही. वृक्षतोडीचा १९६४चा महाराष्ट्राचा कायदा आहे, त्याच्या अनुसूचीत साग, ऐन, किंजळ, हेद, आंबा, फणस अशी झाडं आहेत. कोणतंही झाड तोडण्याआधी आणि लाकूड गाडीत भरण्याआधी वनखात्याच्या स्थानिक कार्यालयात विचारून घ्यावं. अभयारण्यातल्या झाडाचा तर विचारच नको. सगळ्यात बरी शिवण म्हणजे आपल्याच बांधावर लावलेली.

तोडायची वेळ दिवाळीनंतर. पाऊस गेलेला असतो आणि पुढे सहा-सात महिने कोरडी हवा मिळणार असते. फिक्या लाकडाचा शत्रू म्हणजे निळसर डाग पाडणारी बुरशी. ओला ओंडका सालीसकट जमिनीवर पडून राहिला की ती आत शिरते. ताकद फारशी कमी होत नाही, पण रूप जातं, आणि ज्या लाकडाचं रूप त्याच्या फिकेपणात आहे त्याचं मग काय उरतं? म्हणून ओंडका सॉ मिलवर लवकर न्यायचा.

करवतीखाली दोन रस्ते असतात. ओंडका एका बाजूनं सरळ पावासारखा कापत गेलं तर मधल्या दोन-तीन फळ्या सोडून बाकीच्या फळ्यांच्या टोकावर वलयं कमानीसारखी दिसतात. अशी फळी सुकताना वाटीसारखी वाकते, आणि कमान जिकडे फुगलेली त्याच बाजूला तिच्या कडा वर येतात. दुसरा रस्ता, ओंडक्याचे उभे चार भाग करून प्रत्येकातून गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या फळ्या काढायच्या. त्यांच्या टोकावर वलयं उभ्या रेघांसारखी दिसतात. फळ्या अरुंद निघतात, लाकूड वाया जातं, गिरणीवाला कुरकुरतो. पण पाटासाठी, पोळपाटासाठी, देव्हाऱ्याच्या दारासाठी हाच रस्ता धरावा असं माझं मत आहे. वखारीत तयार फळी घेतानाही आधी टोक पाहावं. सुंदर नक्षीच्या रुंद फळीपेक्षा टोकाला उभ्या रेघा असलेली साधी फळी जास्त वर्षं सरळ राहते.

मग रचणं. सावलीत, वारा खेळेल अशा पडवीत, जमिनीपासून हातभर वर. प्रत्येक दोन फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या कोरड्या पट्ट्या, दीड-दोन फुटांवर एक, आणि सगळ्या थरांतल्या पट्ट्या एकाखाली एक. पट्टी जरा इकडे-तिकडे झाली तर तिथे फळीत कायमचा बाक येतो. टोकांना रंग किंवा मेण फासायचं, कारण टोकातून पाणी फार वेगानं जातं आणि तिथूनच चिरा सुरू होतात. सिकॅमोरचे इंग्रज व्यापारी पट्टीचा डागही नको म्हणून कापलेल्या फळ्या आधी काही काळ भिंतीला टेकवून उभ्याच सुकवत आणि मग रचत. शिवणीला तेवढं करावं लागत नाही, पट्ट्या कोरड्या असल्या म्हणजे झालं. शिवण सावकाश सुकते, पण सुकताना ती फारशी फाटत नाही, पिळत नाही. हीच तिची भलाई. ऐनाची फळी अशीच रचून ठेवली तर निम्म्या फळ्यांना चिरा पडलेल्या सापडतील.

इंचभर जाडीची फळी दिवाळीनंतर रचली तर मे अखेरपर्यंत कामाला येते. खात्री करायचा उपाय घरच्या तराजूत आहे. एका फळीचं वजन दर पंधरा दिवसांनी लिहून ठेवायचं. ते उतरायचं थांबलं की फळी आपल्या हवेशी जुळली. नेमका आकडा हवा असेल तर फळीच्या मधून छोटा तुकडा कापून तोलायचा, मग मंद भट्टीत वजन घटायचं थांबेपर्यंत सुकवून पुन्हा तोलायचा. आधी २२४ ग्रॅम आणि नंतर २०० ग्रॅम भरला तर २४ भागिले २००, म्हणजे १२ टक्के पाणी.

सुताराच्या हातात

करवत आणि पटाशी शिवणीत सहज जातात. खिळा ठोकला तरी ती सहसा फुटत नाही, स्क्रूला मात्र आधी गिरमिटानं भोक पाडावं. सरस आणि हल्लीचे पांढरे गोंद दोन्ही चांगले धरतात. त्रास एकाच ठिकाणी. तिच्या रेषा बरेचदा एका थरात डावीकडे आणि पुढच्या थरात उजवीकडे झुकलेल्या असतात. रंधा एका पट्ट्यावर गुळगुळीत चालतो आणि शेजारच्या पट्ट्यातून पापुद्रे उचकटतो. अशा वेळी जोर लावून उपयोग नाही. पातं ताजं धार लावलेलं, बाहेर केसभरच काढलेलं, त्याच्यावरची दाबपट्टी धारेच्या अगदी जवळ आणलेली, आणि रंधा थोडा तिरका धरलेला, एवढं केलं की पापुद्रे निघत नाहीत. बोथट पात्यानं मऊ लाकूड कापलं न जाता चेपलं जातं, आणि मग तेल लावल्यावर तिथले तंतू पुन्हा उभे राहतात.

आता पाटाकडे. सव्वा फूट रुंदीची एकच फळी मिळाली तर घेऊ नये असं मी वर सुचवलंच आहे. उभ्या रेघांच्या दोन किंवा तीन फळ्या कडेला कडा जुळवून चिकटवाव्यात. कडा इतक्या नेमक्या जुळल्या पाहिजेत, की दोन्ही फळ्या उजेडासमोर धरल्या तर मधून प्रकाश दिसता कामा नये.

खरी परीक्षा पाटाच्या पायांत आहे. पाटाखाली आडवे दोन पाय असतात, आणि ते नुसते उंचीसाठी नसतात, फळीला वाकू न देण्याचं कामही त्यांचंच. पायाच्या लाकडाची लांबी फळीच्या रुंदीच्या दिशेनं असते. पाय लांबीत हलत नाही, फळी रुंदीत चार मिलिमीटर हलते. पाय टोकापासून टोकापर्यंत गोंद लावून खिळ्यांनी जखडला तर फळीला आक्रसायला जागाच उरत नाही. मग ती मधोमध तडकते, आणि लोक म्हणतात लाकूड वाईट होतं. लाकूड चांगलं होतं, त्याला बांधून घातलं होतं.

जुने सुतार फळीच्या पोटात आडवी खाच पाडत, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद. पायाची वरची कड तशाच आकाराची घडवून ती बाजूनं आत सरकवत. गोंद नाही. हवं तर मधोमध एक लाकडी खुंटी. पाय फळीला सरळ धरून ठेवतो आणि फळी त्याच्यावरून आत-बाहेर सरकते. असा पाट पंचवीस-तीस पावसाळे काढतो. ही खाच पाडायला तासभर जास्त जातो, एवढाच काय तो खर्च.

पोळपाटातही हेच नियम, फक्त गोलात. गोल पोळपाट काही वर्षांनी किंचित लांबोळा होतो, कारण तो रेषांच्या आडव्या दिशेत आक्रसतो आणि उभ्या दिशेत नाही. काठवट एकाच ओंडक्यातून कोरायची असेल तर गाभा तिच्यात राहू देऊ नये. गाभ्याभोवतीची वलयं सगळ्या बाजूंनी आवळतात आणि तळाला चीर पाडतात.

कोरीवकामाला शिवण फार गुणी. छत्तीसगडात तिला खम्हार म्हणतात आणि बंगालमध्ये गामार. पूर्व बर्धमान जिल्ह्यातल्या नतुनग्रामची प्रसिद्ध लाकडी घुबडं या लाकडातूनही कोरली जातात. रंगही ती छान घेते. रंगाआधी तिची बारीक छिद्रं भरावी लागतात, त्याला चिंचोक्याच्या खळीत कालवलेली खडूची पूड पुरते.

जिथे ताकद आणि घासणं सोसणं हवं तिथे शिवण वापरू नये. उंबरठा, जिन्याची पायरी, तुळई, खांब ही ऐन, किंजळ, सागाची कामं. मातीत पुरायच्या मेखेला तर नाहीच नाही, वाळवी आणि बुरशी दोन्ही तिथे तिला सोडत नाहीत. आणि कातकामाला, म्हणजे लाटणं, पाळण्याच्या गुळगुळीत कांड्या, फणी यांना हेद जास्त बरा. तो पिवळसर, शिवणीपेक्षा जड आणि इतका बारीक पोताचा की कातारी पटाशी लावतो तशी कड निघते. सिकॅमोरसारखा खरा पांढरा रंग हवा असेल तर काळा कुडा. नाव काळा, पण लाकूड हस्तिदंती. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची आणि आंध्रातल्या एटिकोप्पाकची लाखेची खेळणी त्याचीच. मात्र त्याचं खोड बारीक, त्यातून भोवरा निघेल, पाट निघणार नाही.

शिवण लावायची तर

शिवण सागापेक्षा भराभर वाढते, म्हणून जगानं तिच्यावर मोठमोठे डाव लावले. सगळ्यात मोठा डाव ब्राझीलमधला. डॅनियल लुडविग या अमेरिकी उद्योगपतीनं १९६७मध्ये ॲमेझॉनच्या खोऱ्यात जारी नदीकाठी अफाट जमीन घेतली, जंगल साफ करून कागदाच्या लगद्यासाठी शिवण लावली, आणि लगद्याचा कारखाना जपानमधल्या कुरे बंदरात बांधून १९७८मध्ये समुद्रातून ओढत तिथवर नेला. रेताड, निकस जमिनीत शिवण अपेक्षेसारखी वाढलीच नाही. तिथे पाइन आणि निलगिरी लावावे लागले, आणि १९८२मध्ये लुडविग बाहेर पडले.

आपल्या घरामागे चार झाडं लावणाऱ्यालाही यातून एक गोष्ट घ्यायची आहे. शिवणीला खोल, ओल धरणारी पण पाणी न साचणारी माती लागते. डोंगराचा पायथा, ओढ्याची वरची कड, शेताचा उंच बांध या तिच्या जागा. कातळावर ती खुरटते, पेणच्या खाडीकडच्या खारवट जमिनीत तर ती लावूच नये. मे-जूनमध्ये पडलेली फळं गोळा करून गर धुवून काढायचा आणि आठळ्या त्याच पावसात पेरायच्या. पहिली दोन-तीन वर्षं गुरांपासून जपायचं आणि खालच्या फांद्या बारीक असतानाच छाटायच्या, म्हणजे खोडात गाठी राहत नाहीत. फार जोरात वाढवलेली शिवण वजनाला हलकी आणि टिकायला कच्ची निघते, तेव्हा खतांची घाई नको.

विसर्जनानंतर

पाटाला तेल द्यायचं ते सुकणारं. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं आणि छिद्रांत पातळ थर बनवतं. खोबरेल किंवा शेंगदाणा तेल घट्ट होत नाही, ते चिकट राहून धूळ धरतं. हार्डवेअरच्या दुकानातलं ‘उकळलेलं’ जवसाचं तेल देवाच्या पाटाला चालेल, पण त्यात ते लवकर सुकावं म्हणून धातूचे क्षार मिसळलेले असतात, म्हणून पोळपाटाला आणि काठवटीला ते लावू नये. त्यांना खायचं जवसाचं तेल पातळ हातानं लावून, उरलेलं फडक्यानं पुसून आठवडाभर तसंच ठेवावं. तेलाचं फडकं मात्र बोळा करून टाकू नये. सुकताना ते आतून तापतं आणि पेट घेऊ शकतं. पसरून वाळवावं किंवा पाण्यात भिजवून टाकावं.

आणि विसर्जन झाल्यावर पाट रिकामा घरी येतो, त्याच्यावर नदीतली मूठभर वाळू असते. तो ओला असतो, बहुतेक वेळा एकाच बाजूनं जास्त. तेव्हा त्याला उन्हात टाकायचा मोह होतो. टाकू नका. उन्हाकडची बाजू आधी आक्रसते आणि पाट एका रात्रीत वाटी होतो. वाळू देवघरात ठेवून झाली की पाट साध्या पाण्यानं धुवा, फडक्यानं पुसा आणि पडवीत कडेवर उभा करा, दोन्ही अंगांना सारखा वारा लागेल असा. रोज एकदा त्याची खालची कड वर करा. आठ-दहा दिवस तसाच राहू द्या, मग जवसाच्या तेलाचा एक हात, आणि मग माळ्यावर. तिथेही आडवा नको, उभाच.